चर्चच्या मंडळीत सगळे ओळखीचे, पण आपलं कोणी नाही: मिरज-सांगलीकडे नवीन माणसाने काय करावं?

नवी_मिरजकर

सर्वांना सलाम. बदली होऊन नगरकडून मिरजेला आले आहे. वय ३८, लग्न केलेलं नाही, या भागात नातेवाईक नाहीत. रविवारची उपासना चुकवत नाही. लोक वाईट अजिबात नाहीत. हसतात, "कशा आहात?" विचारतात आणि आपापल्या घोळक्यात जातात. आशीर्वाद झाला की पाच मिनिटांत मी फाटकाबाहेर. इतर दिवशी कामात एकटेपण जाणवत नाही, ते नेमकं देवाच्या घरात जाणवतं, आणि हेच जास्त लागतं.

मला नेमकं विचारायचं आहे ते असं. पुढे पुढे करते असं न वाटता आत शिरायचं कसं? तरुण संघात माझं वय बसत नाही आणि जोडप्यांच्या सहभागितेत मला जागा नाही, मग जायचं कुठे? जुन्या मंडळीकडून सभासदत्व बदलीचं पत्र आत्ताच आणावं की थांबावं? आणि किती वाट पाहिल्यावर दुसरी मंडळी शोधावी?

"प्रार्थना करा" एवढंच उत्तर नको. ती मी करतेच आहे.

कराडचे_निवृत्त_पाळक

ताई, सलाम. आधी कारण सांगतो. ते कळलं नाही तर तुम्ही दोष स्वतःच्या स्वभावालाच देत राहाल.

मिरज-सांगलीकडच्या जुन्या मंडळ्या प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून वाढल्या. डॉ. वानलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत दवाखाना उभा केला आणि त्याच्याभोवती नर्सिंगची शाळा, कुष्ठरुग्णांची सेवा, कर्मचाऱ्यांची घरं असं गावच वसलं. सातारा-वाईकडचं काम अमेरिकन मराठी मिशनचं, म्हणजे तुमच्या नगरचंच. १९७० मध्ये यातल्या बऱ्याच मंडळ्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात आल्या. कागदावर एकत्र आल्या, पण सोयरीक आधीचीच राहिली. तीन-चार पिढ्या एकाच दवाखान्यात नोकरी, एकाच आवारात राहणं, आपसात लग्नं. तुम्हाला उपासनेनंतर जो घोळका दिसतो त्यात आत्या, मामेभाऊ, व्याही, विहीण असतात. कोणाचं डायलिसिस, कोणाचं डोहाळजेवण, कोणाच्या जागेची वाटणी असं बोलणं चाललेलं असतं. त्यात बाहेरच्या माणसाने तोंड घालायचं कुठे? तुम्हाला ढकलून बाहेर ठेवलेलं नाही. आत यायला दार कुठे आहे, हे त्यांनाही माहीत नाही, कारण त्यांच्यापैकी कोणाला कधी दारातून यावंच लागलं नाही. ते जन्माने आत आहेत.

म्हणून पहिला प्रश्न येतो: "आडनाव काय? मूळ गाव कोणतं? कोणाच्या नात्यातल्या?" काही जण त्यातून जात चाचपतात. हे खरं आहे, ते पाप आहे, आणि मंडळीत ते पाप म्हणूनच बोललं गेलं पाहिजे. पण बरेच जण फक्त धागा शोधत असतात. "नगरची आहे" एवढ्यावर थांबलात की धागा तुटतो. मंडळीचं नाव सांगा, शाळा किंवा बोर्डिंग सांगा, दृढीकरण (मोठं झाल्यावर मंडळीसमोर विश्वास कबूल करण्याचा विधी) कोणत्या पाळकांच्या हाताखाली झालं ते सांगा. पाळकांच्या बदल्या होतात, मिरजेत शिकलेल्या नर्सेस महाराष्ट्रभर गेल्या आहेत. तुमच्या जुन्या मंडळीत फोन करून विचारा की इथे शिकलेली किंवा इथे माहेर असलेली कोणी आहे का. असं एक नाव मिळालं तर "तुमच्या मावशीने तुम्हाला सलाम सांगितलाय" एवढं वाक्य पुरतं. आपल्या लोकांत ओळखीने दिलेला सलाम फार लांब जातो.

दुसरं, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं: बोलावण्याची वाट पाहू नका, मंडळीला तुमच्या घरी बोलवा. आपल्याकडे जेवायला बोलावलं तर अनोळखी माणूस संकोचतो, पण आभारप्रार्थनेला बोलावलं तर नाही म्हणत नाही. निमित्त साधं चालतं. नोकरीचं एक वर्ष, वाढदिवस, आईचं ऑपरेशन नीट झालं, काहीही. रीत अशी. दोन आठवडे आधी पाळकांना विचारून दिवस ठरवा. महिला मंडळाची किंवा उपवास-प्रार्थनेची वेळ टाळा. शनिवारपर्यंत सचिवांकडे चिठ्ठी द्या म्हणजे रविवारच्या सूचनांत वाचली जाईल. पण सूचनेवर विसंबू नका, सूचना ऐकून कोणी येत नाही. सहा ते आठ जणांना समोरासमोर सांगा: तुमच्या बाकावर बसणाऱ्या दोघी, जवळपास राहणारं एक कुटुंब, एक वयस्कर बाई, आणि गाणं उचलून धरणारं कोणी तरी एक. दोन गीतं, शास्त्रवाचन, थोडक्यात वचन, प्रार्थना, असं पाऊण तासात आटपा. नंतर चहा आणि पोहे किंवा चिवडा. जेवण घालू नका. घातलंत तर परतफेड जड होते आणि तुम्हाला उलट बोलावणारे मागे सरतात. चहाचं ऋण हलकं असतं, ते लोक आनंदाने फेडतात.

बिघडतं कुठे तेही सांगतो. पंचवीस लोक बोलावले की पुन्हा घोळके होतात आणि घरची माणसं स्वयंपाकघरात अडकतात. गीतांची चाल वेगळी निघाली तर गाणं पडतं, म्हणून गाणाऱ्याला गीतं आदल्या दिवशी कळवा. आणि घर भाड्याचं असेल तर मालकाला आणि शेजाऱ्यांना आधी सांगा, आठच्या आत संपवा, ढोलकी-पेटी नको.

विश्रामबाग_वाचक

पाळकसाहेबांच्या बोलण्याला थोडी आकड्यांची जोड देतो.

जेफ्री हॉल या अमेरिकी अभ्यासकाने २०१८ मध्ये मैत्रीला किती तास लागतात ते मोजायचा प्रयत्न केला. नुकतेच दुसऱ्या गावी राहायला गेलेले प्रौढ आणि कॉलेजात नवीन आलेली मुलं, असे त्याचे लोक होते. साधारण उत्तर असं आलं: तोंडओळखीपुढे जायला सुमारे ५० तास, मित्र म्हणावं इतपत जवळीक यायला ९०, आणि जिवलग व्हायला २०० च्या वर. माणसं अमेरिकेतली, त्यामुळे आकडा जसाच्या तसा इथे लावू नये. तरी अंदाज येतो.

आता हिशेब करा. उपासनेनंतर दर रविवारी दहा मिनिटं बोललात तर ५२ रविवारांचे होतात ५२० मिनिटं, म्हणजे पावणेनऊ तासही नाहीत. ५० तास भरायला जवळजवळ सहा वर्षं! शेजारी बसून उपदेश ऐकण्याचा वेळ यात धरायचा नाही, तेव्हा आपण एकमेकांशी बोलत नसतो. याउलट आठवड्याची घरगुती प्रार्थना चहासकट पावणेदोन तासांची धरली तर तीस आठवड्यांत ५० तास होतात. नाताळच्या कॅरोलची तयारी आणि घरोघरचे फेरे धरले तर महिन्याभरात कितीतरी तास एकदम जमतात. म्हणजे रविवारी कोणी जवळ येत नाही यात नवल नाही. रविवारच्या रचनेत जवळ यायला वेळच ठेवलेला नाही.

अजून एक. लिम आणि पटनम यांचा २०१० चा अभ्यास आहे. उपासनेला नियमित जाणारे लोक जास्त समाधानी दिसतात हे जुनं निरीक्षण त्यांनी तपासलं, तर तो फरक मुख्यतः मंडळीत जवळचे मित्र असलेल्यांत सापडला. ज्यांना तिथे मित्र नाहीत त्यांना नुसत्या हजेरीने समाधान वाढल्याचं दिसलं नाही. नवी_मिरजकर, तुम्हाला जे जाणवतंय ते विश्वासाचं उणेपण नाही.

पास्टोरेट_सचिव_सांगली

इथपर्यंतचे सल्ले चांगले आहेत, पण सगळं ओझं एकट्या माणसावर टाकलंत. हे काम मंडळीचं आहे. बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ काढा. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या वाटपात दुर्लक्ष होतंय अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी त्या बायकांना "जरा मिसळा" असं सांगितलं नाही. सात माणसं नेमली, आणि सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार, त्यांच्यातलीच माणसं कामावर. आपल्याकडे नवीन लोकांसाठी समिती होते तेव्हा तिच्यात सगळे तिसऱ्या पिढीचे असतात. निदान अर्धे तरी गेल्या चार-पाच वर्षांत बाहेरून आलेले हवेत. बाहेरचा माणूस कुठे अडखळतो हे त्यांनाच दिसतं.

ज्या कमिट्यांना खरंच काही करायचं आहे त्यांनी एवढं करावं. दारात उभ्या माणसाचं काम बुलेटिन वाटणं नाही. बुलेटिन टेबलावर ठेवा आणि त्या माणसाला मोकळं सोडा. त्याने नवीन व्यक्तीला आत नेऊन कोणाच्या तरी शेजारी बसवायचं आणि दोघांची नावं एकमेकांना सांगायची. वहीत नाव, फोन, राहण्याचा भाग आणि कामाची पाळी लिहायची. पाळी महत्त्वाची आहे. मिरजेत दवाखान्यांमुळे कितीतरी जणी पाळीने काम करतात, त्या एकाआड एक रविवारी दिसत नाहीत आणि लोक समजतात, बाई अनियमित आहेत. मंगळवारच्या आत एक फोन. दोन आठवड्यांत एक घरभेट, तीही पाळकांनी नव्हे. पाळक आले की कर्तव्य केल्यासारखं वाटतं, शेजारीण आली की बोलावणं वाटतं. साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत एका तरी घरी चहा आणि एका तरी कामात हात. एका यजमान कुटुंबाकडे एका वेळी दोनच नवी माणसं द्या, जास्त दिलीत की कोणाकडेच लक्ष राहत नाही.

काय बंद करावं तेही सांगतो. "नवीन आलेल्यांनी कृपया उभं राहावं" आणि टाळ्या. लाजाळू माणूस पुढच्या रविवारी येत नाही. चहाचं टेबल फाटकाजवळ लावणं बंद करा, कप हातात आला की माणूस बाहेरच पडतो. आत किंवा बाजूच्या हॉलमध्ये लावा. सूचनांत "नेहमीच्या ठिकाणी, नेहमीच्या वेळी" म्हणू नका, पत्ता वाचा. ठरलेल्या घराण्यांचे ठरलेले बाक असतात, तिथे बसलेल्या नवीन बाईला "ही आमची जागा" म्हणणं म्हणजे याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला, माणूस पाहून जागा देण्याचा दोष जसाच्या तसा. मंडळीच्या वडिलांनी (एल्डरांनी) स्वतः दर रविवारी वेगळ्या बाकावर बसावं, बाकीचे आपोआप सैल होतात.

आणि नोंदवहीत नाव घाला म्हणून मागे लागू नये. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. काही जण उपासनेला येतात पण कागदावर यायला कचरतात, त्यामागे मुलांच्या शिक्षणाची आणि नोकरीची काळजी असते. अशांना चहाच्या घोळक्यातही अर्धवट धरणं हा अन्याय आहे.

महिला_मंडळ_मिरज

सचिवदादा, कामात हात द्या म्हणालात ते बरोबर, पण कोणतं काम ते सांगायला हवं होतं. नवीन बाईला प्रोजेक्टर देतात, बुलेटिन टाइप करायला देतात, हिशेबाची वही देतात. शिकलेली आहे ना! ती ते काम मागच्या कोपऱ्यात एकटीच करते, वर्षभराने कामात बुडालेली आणि तेवढीच एकटी. काम असं मागा की ज्यात दोन-चार जणी शेजारी उभ्या असतात आणि हात चालू असताना तोंडही चालतं. झावळ्यांच्या रविवारी झावळ्या बांधणं, ईस्टरची फुलं, प्रभुभोजनाची (भाकर आणि द्राक्षरसाच्या विधीची) भांडी धुणं-पुसणं, नाताळच्या करंज्या. हंगामाच्या सणाला अर्पणाच्या वस्तू मांडणं आणि लिलावाच्या वेळी नोंद ठेवणं तर फारच चांगलं. एका सकाळीत निम्म्या मंडळीचं नाव कळतं, कारण कोंबडी कोणी घेतली, भोपळा कोणी घेतला ते लिहावं लागतं.

नवी_मिरजकर, तुमचा वयाचा प्रश्न कोणी घेतला नाही. तरुण संघ आणि जोडप्यांची सभा दोन्ही सोडा. महिला मंडळात या. तिथे विधवा आहेत, नवरा बाहेरगावी असलेल्या आहेत, लग्न न केलेल्या निवृत्त नर्सेस आणि शिक्षिका आहेत. जुन्या मिशनच्या काळापासून दवाखान्यात आणि शाळेत अविवाहित बायकांनी आयुष्य घातलं, त्यामुळे तुमच्यासारखी बाई या मंडळ्यांना नवी नाही. साठीपुढच्या बाईशी मैत्री करा. तिच्याकडे वेळ असतो, आणि तिने तुम्हाला आपलं म्हटलं की तिच्या सुना-लेकी आपोआप म्हणतात.

स्थळाचा विषय निघणारच. हसून टाळलंत तर दर आठवड्याला निघेल. एकदाच, सरळ, "मावशी, त्यासाठी प्रार्थना नको, पण माझ्या आईच्या गुडघ्यांसाठी करा." म्हणजे प्रार्थना करायला दुसरं काही मिळतं आणि पुढच्या रविवारी विचारपूस गुडघ्यांची होते.

समुपदेशक_सांगली

एक गोष्ट वेगळी करून पाहावी. एकटेपणा आणि नैराश्य एकमेकांसारखे दिसतात. एकटेपणाची भूक माणूस भेटला की तात्पुरती तरी भागते. नैराश्यात माणसं आजूबाजूला असूनही काही पोचत नाही. दोन आठवड्यांहून जास्त बहुतेक दिवस मन खिन्न, आवडत्या गोष्टींत रस नाही, झोप किंवा भूक बिघडलेली, स्वतःला दोष देणं, जगणं नकोसं वाटणं, यातलं काही असेल तर आभारप्रार्थना आणि चहा एवढ्यावर सोडू नये. डॉक्टरांना दाखवावं. टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

पाळकांना आणि वडिलांना हात जोडून विनंती: अशा व्यक्तीला उपवास करायला सांगू नका. आधीच जेवण तुटलेलं असतं. १ राजे १९ मध्ये एलीया झुडपाखाली मरण मागत होता तेव्हा त्याला दोनदा भाकर, पाणी आणि झोप मिळाली. बोलणं नंतर झालं, आणि सोबतीला अलीशा त्याच अध्यायाच्या शेवटी दिला गेला. "विश्वास कमी पडतोय" हे वाक्य तर कोणालाच म्हणू नका. ते ऐकलेला माणूस पुढच्या वेळी खरं सांगत नाही.

सातारा_शांत

मध्येच विचारतो. घरचे सगळे हिंदू, बाप्तिस्मा घेतलेला नाही, घेईन का ते ठरलेलं नाही, पण प्रभूवर प्रेम आहे आणि उपासनेला जावंसं वाटतं. प्रभुभोजनाच्या वेळी सगळे पुढे जातात आणि बाकावर एकटाच उरतो. अशा माणसाने मंडळीत काय म्हणून बसावं?

कराडचे_निवृत्त_पाळक

दादा, तुम्ही साताऱ्याचे आहात म्हणून हे सांगायला विशेष आनंद होतो. रेव्ह. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली, साताऱ्यात मुक्काम केला आणि "देवाचा दरबार" उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून जागा होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि काम पुढे तसं राहिलं नाही, पण तुमच्यासारख्यांचा प्रश्न तुमच्याच गावात शंभर वर्षांपूर्वी एका पाळकाने मनावर घेतला होता. तुम्ही शिष्य म्हणून बसा.

व्यवहाराचं सांगायचं तर पाळकांना आठवड्यात भेटून स्थिती मोकळेपणाने सांगा, म्हणजे प्रभुभोजनाला तुम्हाला कोणी हाताला धरून उठवणार नाही. काही पाळक अशा व्यक्तीला पुढे बोलावून नुसता आशीर्वाद देतात. तसं चालेल का ते आधी विचारा, ऐनवेळी नको. बाकावर राहायचं असेल तर शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, ज्यांची मुलं अजून दृढीकरणाची नाहीत अशा कुटुंबाशेजारी बसा. ती मुलंही बाकावरच असतात. आणि आठवड्याच्या घरगुती प्रार्थनेला जा, तिथे प्रभुभोजन नसतं आणि भजनाला सगळे सारखे.

नवी_मिरजकर

मनापासून आभार. आभारप्रार्थनेचं ठरवते. समुपदेशकांनी लिहिलेल्या खुणा माझ्यात नाहीत, पण विचारलंत हे बरं वाटलं. पत्राचं आणि किती थांबायचं याचं राहिलं.

पास्टोरेट_सचिव_सांगली

पत्र आत्ताच आणा. पत्र नसलेली व्यक्ती पाहुणी म्हणून धरली जाते आणि पाहुण्याला कोणी काम सांगत नाही. शिवाय वार्षिक सभेत मत, लग्नाची पुकार (लग्नाआधी मंडळीत होणारी घोषणा), दफनभूमीतली जागा हे सगळं सभासदत्वाशी जोडलेलं असतं. इथे नातेवाईक नसलेल्या माणसाला शेवटची गोष्ट रात्री छळते, बोलून कोणी दाखवत नाही. अर्ज जुन्या मंडळीच्या पाळकांच्या नावे करा, सोबत बाप्तिस्म्याच्या आणि दृढीकरणाच्या दाखल्याची प्रत जोडा. त्या मंडळीची वर्गणी बाकी असेल तर आधी भरा, बहुतेक वेळा पत्र तिथेच अडतं. पत्रात नाव, बाप्तिस्म्याची आणि दृढीकरणाची तारीख, प्रभुभोजनाच्या सहभागितेत असल्याचा उल्लेख आणि सही-शिक्का हवा. मतदानासाठी किती काळ जावा लागतो ते प्रत्येक मंडळीत वेगळं असतं, सचिवांना विचारून घ्या.

थांबण्याचं म्हणाल तर महिने मोजू नका. पत्र दिलं, घरी एकदा प्रार्थना झाली, एका सणाच्या तयारीत शेजारी उभं राहून काम केलं, एका घरगुती प्रार्थनेला सलग दोन-तीन महिने गेलात. एवढं झाल्यावर दोन गोष्टी पाहा: तुम्ही न आल्यावर कोणी फोन करतं का, आणि कोणी तुम्हाला आपल्या घरचं दुःख सांगतं का. दोन्हींचं उत्तर नाही आलं तर पाळकांना सांगून दुसरी मंडळी पाहा, त्यात कमीपणा नाही. फक्त एका रविवारी इथे आणि एका रविवारी तिथे असं करू नका, दोन्हीकडे तोंडओळखच राहते. दुसरीकडची घरगुती प्रार्थना आठवड्यात करून पाहा, रविवार एकाच ठिकाणी ठेवा.

पत्र हातात आलं की आधी झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ प्रत देताना सचिवांकडून पोच घ्या. कमिटी बदलते तेव्हा फायली हरवतात.